विटाळ

तार्तूत नोव्हेंबर म्हणजे साडेतीनलाच दिवेलागण.
मारिका कपात चहा विसरते.
खिडकीखाली एमायोगी नदी, शाईची रेघ ओढून ठेवावी तशी.
काल रात्री कर्नल एका आकड्याने पुढे सरकला
आणि सकाळपासून सतरा जणांचे पडदे काळे.

त्यांतला एक एंडेल. व्होरूचा. वय एक्याऐंशी.
ज्या लॅपटॉपवर तो चर्चच्या जुन्या जन्मनोंदी लावत बसतो
त्याच्या ग्राफिक्स कार्डावरून कंपनीने
नऊ वर्षांपूर्वीच हात झटकले.
मागे ठेवली एक फाइल :
चौदा एमबी, मुकी,
झाकली मूठ.
सव्वा लाखाची की रिकामी, कोण जाणे.
उघडायची नाही, असं परवान्यातच लिहिलंय.

मारिकाच्या हाती आहे ती फक्त खोळ,
मुठीभोवतीची सातशे ओळींची,
दर कर्नलमागे उसवणारी.
या वेळी एका फंक्शनचं नाव बदललंय
आणि एक पॅरामीटर गळालाय.
ती टाका घालते. कंपाइल. एरर.
उसवते. दुसरा टाका.
बर्फ पाडायचा की पाऊस,
बाहेर आभाळाचंही ठरत नाहीये.

जमतं एकदाचं, रात्री दीडला.
मॉड्यूल आत शिरतं
आणि कर्नल स्वतःच लॉगमध्ये लिहून ठेवतो :
मला विटाळ झाला.
कुणी विचारलेलं नसताना,
सेकंदाच्या दशांशासकट.

उर्मास असल्या पॅकेजला हात लावत नाही.
त्याचं सोवळं कडक.
त्याच्या मशीनवर एकही बंद फाइल नाही,
म्हणून वायफायही नाही.
स्वयंपाकघरातून अकरा मीटर केबल ओढलीय त्याने.
‘तू त्यांची उष्टी काढतेस,’ तो म्हणतो.
‘हो,’ ती म्हणते.
त्या केबलला अडखळून आपण एकदा पडलो होतो
हे काढत नाही.

पहाटे एंडेलचा निरोप : दिसतंय.
खाली आणखी दोन ओळी.
सतराशे एकोणनव्वदच्या पानावर
एका मुलीच्या नावावर पाद्र्याच्या हातून शाई सांडलीय.
त्याखालचं वाचायला तुमच्याकडे काही आहे का?

नाही, ती कळवते.

मग बदलांच्या यादीत एक ओळ भरायची राहिलेली असते.
‘दुरुस्त केलं’ टाइप करते, पुसते.
‘पुन्हा बिल्ड होतंय’ लिहिते.
तेवढंच तिला ठाऊक आहे.
चहावर साय धरलीय.
पुढचा कर्नल मंगळवारी.