पुढून हुक

मगदूम बाईंनी विश्रामबागेतल्या हॉलमध्ये
कागदावर लोखंडाचा कीस टाकला,
खालून चुंबक फिरवला
आणि कीस उठून उभा राहिला,
प्रार्थनेची घंटा झाल्यासारखा.
रक्तात लोखंड असतं, त्या म्हणाल्या.
पुढचं आमचं आम्हीच जुळवलं.

अठराशे रुपये. दोन हप्ते.
निळा पट्टा, आत बारा चुंबक,
कुठली बाजू कातडीला लावायची त्याचा कागद वेगळा.

एकतीस वर्षं मशीनवर वाकलेली मान आहे ही.
गणपती पेठेतल्या निम्म्या बायकांचे गळे
हिच्याच भरवशावर कापलेत:
चौकोनी, पानाचा, मटका,
मधे एक वर्ष तर एकजात सगळ्यांना बोटनेकच पाहिजे होता.

पट्टा बांधला त्या दिवशीच
टाचण्या बिथरल्या.
मी डबीवर वाकले की डबी माझ्याकडं सरकायची.
संध्याकाळी पट्टा सोडला तर त्याला
चार टाचण्या, एक हुक, मोडक्या सुईचं टोक
आणि दुपारपासून शोधत होते ती
दोरा तोडायची कात्री.
सगळं ओढून घेत होता बिचारा.
दुखणं तेवढं
लोखंडाचं नव्हतं.

खोटं नाही बोलत,
पहिले आठ दिवस बरं वाटलं.
आठ दिवस मी मान ताठ ठेवून वावरले,
गळ्यात अठराशे रुपये
सांडू नयेत म्हणून.

मग डाव्या हाताची दोन बोटं झोपली ती झोपलीच.
मिरजेला गेले.
बांगड्या काढा, जोडवी काढा, हुकाचं काही घालू नका,
असं सांगत तो मशीनवरचा पोरगा पट्ट्याशी थांबला.
चिमटीत धरून त्यानं तो लांब नेऊन ठेवला.
म्हणाला, मावशी, आत ह्याचा बाप बसलाय.

बापाच्या पोटात पस्तीस मिनिटं.
तेल न घातलेलं मशीन रिकामंच पळवावं
तसा ठोकत होता कानाशी.
माझं सगळं रक्त
आणि त्यातलं होतं नव्हतं ते लोखंड घेऊन
मी निपचित पडले.
काही कुठं गेलं नाही.
बाहेर आले, चपला घातल्या,
मान तशीच.

आता मशीनखाली दोन-दोन विटा आहेत,
भाच्यानं अंकलीच्या भट्टीवरनं आणलेल्या.
अर्ध्या तासानं उठायचं, भिंतीला डोकं दाबायचं,
दहा अंक मोजायचे.
गिऱ्हाइकांना वाटतं बाई कशावर तरी चिडलीय.
पट्टा उसवून मोकळा केला.
अकरा चुंबक टाचण्या राखतात, विजेचं बिल फ्रिजला धरून ठेवतात.
एक कुठं गेला, सापडत नाही.

परवा मगदूम बाई आल्या. पुतणीचं लग्न, सहा ब्लाउज.
ह्यांची फॅशन पहिल्यापासून मागून हुकची,
वर लटकन, दोन गोंडे.
पिशवी ठेवली, खाली बघत म्हणाल्या,
सगळ्यांना पुढून हुक करा ह्यावेळी.
मागं हात जात नाही.

हात वर करा, म्हटलं.
उजवा कानापर्यंत गेला.
डावा खांद्याशी येऊन थांबला,
त्याच्या मनगटात चुंबकाची तीन कडी.
माझ्या ओठांत टाचण्या होत्या,
म्हणून काही बोलता आलं नाही.
बरंच झालं.

मुंढ्याला टाचणी लावायला गेले
तर ती बोटांतून निसटली
आणि टचकन त्यांच्या कड्यावर जाऊन बसली.
दोघींनी बघितलं.
मगदूम बाई म्हणाल्या, चालतंय की अजून.
आणि आधी त्याच हसल्या.

मी टाचणी सोडवून घेतली.
मुंढा अर्धा इंच सैल धरला.
वहीत लिहिलं नाही.