सरकारच्या नावावर

रस्ता आला तेव्हा मी तीन मापं तांदूळ शिजवत होते.
पहिल्या महिन्यात पाच झाली,
हरमटानचा कोरडा वारा सुटेपर्यंत आठ.
टमालेच्या उत्तरेला, जिथे पूर्वी फक्त बकऱ्या थांबायच्या,
तिथे नापारीचा ग्रेडर थांबू लागला
आणि त्याच्यामागे सत्तावीस माणसं, फावडी, भूक.

आमच्या भाताला वाचे म्हणतात.
ज्वारीची पानं चवळीबरोबर उकळावी लागतात,
तेव्हा कुठे तो लाल होतो, त्या रस्त्याच्या मातीसारखा.

नापारीच्या पगारातून माझी पातेली,
माझ्या पातेल्यातून अबिबाची चवळी,
चवळीतून तिच्या पोराचा गणवेश,
गणवेशातून याकुबू शिंप्याचं नवं मशीन,
आणि याकुबू दुपारी माझ्याकडेच, दोन अंडी घालून.
एकच नोट गावभर हिंडून संध्याकाळी
माझ्या डब्यात परतायची.
कोपऱ्यावरचा तेलाचा डाग मी ओळखायचे.
रेडिओवरचा शहाणा याला काहीतरी लांबलचक नाव द्यायचा.
मी म्हणायचे, पैशाला पाय फुटलेत,
पण घर विसरला नाही.

मग राजधानीत कुणीतरी वही मिटली.
कर्ज फार झालं म्हणे. खर्चाला लगाम.
खोटं नसेल. कर्ज मलाही कळतं.
पण हात आखडला तो अक्राला
आणि गोळे आले ते इथे, आमच्या पोटऱ्यांत.

ग्रेडर एका शुक्रवारी गेला.
मोरीचे सिमेंटचे पाईप राहिले कडेला,
त्यात आता बकऱ्या वितात.
आठाची पाच, पाचाची दोन.
अबिबाच्या पोत्यांना टोके लागले.
याकुबू घरून डबा आणतो,
झाकण अर्धंच उघडून खातो.

वर नवा कर:
फोनवरून पैसे धाडले की त्यातला चिमूटभर सरकारचा.
चिमूटभरच! पण कुमासीचा माझा भाऊ
आता बसड्रायव्हरच्या मोज्यातून पैसे पाठवतो,
आणि पिवळ्या छत्रीखालची वुम्पिनी,
जिला दिवसभर मान वर करायला फुरसत नव्हती,
ती छत्रीच्या काड्या मोजते.

कर वाईटच, असं मी म्हणणार नाही.
बाजारातल्या दिव्याखाली मी रात्री नऊपर्यंत विकलंय.
माझी धाकटी ज्या दाईच्या हातात आली
तिचा पगार कुणाच्या तरी चिठ्ठ्यांतूनच आला असणार.
माझ्याही असतील त्यात. रोजचा एक सेडी, एक गुलाबी चिठ्ठी,
सहा वर्षांच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात.
कशासाठी, ते नाही सांगता येत.

काल वसुलीला नेन्दू आला.
शर्टाला इस्त्री, चपलेला तार.
चिठ्ठी फाडली बरोब्बर रेघेवर.
मी सेडी दिला.
तो तिथेच घुटमळला.
"तीन महिने पगार नाही," पातेल्याच्या झाकणाला म्हणाला.

मी पानावर दोन डाव वाढले, कडेला काळा तिखट शितो.
"लिहून ठेव."
वही काढली. त्याचं नाव लिहायला घेतलं,
मग खोडलं
आणि लिहिलं: सरकार, दोन डाव.

त्याने वाकून वाचलं. हसला नाही.
"अंडं पण दे," म्हणाला,
"आणि अंडंही लिही."