चौकट सातशे बारा

सोळा दिवसांतले ढग वगळून
एक चित्र तयार होतं.
यंदा वगळायला ढगच नव्हते.

नैरोबीत, चौथ्या मजल्यावर, मी ते उघडतो.
जिवंत पान न दिसणारा उजेड वर परत फेकतं,
म्हणून आमच्या पडद्यावर हिरवं ते लाल
आणि मेलेलं राखेसारखं.
शिकत होतो तेव्हा दोन महिने रंग उलटेच झाले होते,
बाजारात सुकुमाची जुडी उचलताना हात थबकायचा.

या खेपेला चाल्बीच्या काठाने सगळी राख.
फक्त कोरड्या ओढ्यालगत एक लाल रेघ,
सातशे बारामध्ये चांगली जाड.
सरासरीच्या वर. म्हणजे दुष्काळ नाही.
म्हणजे विम्याचे पैसे नाहीत.

त्याच चौकटीत माझी तुम्मेआत्या राहते.
चौकट अडीचशे मीटरची,
तिचं चटयांचं घर चार पावलांचं.

फोन लागला तेव्हा म्हणाली,
"लाल? कुठे आहे लाल?"
मग कुणाला तरी हाकललं, मग म्हणाली,
"येऊन बघ."

दोन दिवस ट्रकवर, मक्याच्या पिठाच्या पोत्यांवर.
जीपीएस हातात धरून
चौकटीच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहिलो
आणि शर्ट फाटला.
वेडी बाभूळ.
दाट, टवटवीत, निर्लज्ज,
खाली गवताची काडी नाही.
आत्याने शेळीचा जबडा उघडून दाखवला:
शेंगा चघळून हिरड्या सुजलेल्या,
पुढचे दात गेलेले.
"ही तुझी रेघ."

संध्याकाळी ती उंटिणींना नावाने हाका मारते.
पूर्वी काळोख पडेपर्यंत नावं पुरायची.
आज उजेडातच संपली,
तरी ती तशीच उभी राहिली थोडा वेळ,
तोंड किंचित उघडं.

रात्री एक ठिपका सरळ रेषेत सरकत गेला.
तो हाच की दुसरा कुठला, मला सांगता येईना.
आत्या म्हणाली,
"एवढ्या उंचावरून बघतो ना,
त्याला म्हणावं, एकदा वाकून वास घे."

परत आल्यावर अहवाल भरला.
शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा असते.
मी लिहिलं:
हिरवं आहे. कुणी खात नाही.
यंत्राने शेरा नोंदवून घेतला
आणि रंग तोच ठेवला.