हातचा राखून

पिकू बेटावर पहाटे साडेतीनला वारा
दार वाजवत नाही, सरळ आत येतो.
जर्मानु सिल्वैरा यांची बोटं चादरीवर
नसलेला दगड चाचपताहेत.
खांदा उडतो. थांबतो. पुन्हा उडतो.
छतावर कुणीतरी बकरी बांधलीय म्हणतात.

फ्लोरिंदा म्हणतात, दुखतंय त्यांना, वाढव.
मी म्हणते, हे दुखणं नाही नुसतं.
हे मॉर्फिन साचलंय
थकलेल्या मूत्रपिंडांच्या दाराशी,
बाहेर पडायला वाट न मिळून.

वही उघडते.
चोवीस तासांत एकशे वीस मिलिग्रॅम,
ठरल्या वेळचं, आणि रात्री-अपरात्री मागून घेतलेलंही धरून.
(ते मागून घेतलेलं विसरतात लोक.)
आता औषध बदलायचं. हायड्रोमॉर्फोन.
तक्ता सांगतो, पाचास एक.
चोवीस.
चौथीतल्या मुलालाही जमेल असा भागाकार.

तक्त्याला श्वास मोजता येत नाहीत.

खाडीपलीकडे ओर्तात बेल्मीरुला उठवते.
तो फार्मसीत झोपतो, बोट बंद असली की.
आकडे सांगते, उत्तर सांगू लागते तर ओरडतो,
तुझं तुझ्यापाशी ठेव, इदालिना!
ऐकलं तर माझं पेन तिकडेच जाईल.
फोनवर त्याच्या पेनाची खरखर, आणि वारा.
चोवीस, तो म्हणतो.
चोवीस, मी.
मग दोघंही गप्प,
कारण खरं गणित इथून पुढे.

देह जुन्या औषधाला सरावलाय,
नव्याशी तेवढी ओळख नाही.
वय एक्क्याऐंशी. मूत्रपिंडं अशी.
अर्धं? तो विचारतो.
अर्धं, मी म्हणते. बारा.
दर चार तासांनी दोन,
आणि मधेच कळ आली तर एक, जवळ ठेवलेला.

अर्धं ऐकून फ्लोरिंदांचा चेहरा उतरतो.
फॉल रिव्हरहून डॉलर धाडायचे हे, त्या म्हणतात,
खिडकीमागचा माणूस एस्कुदो मोजताना
असंच कापून घ्यायचा.
तो स्वतःसाठी घ्यायचा, फ्लोरिंदा.
हे मी त्यांच्यासाठीच मागे ठेवतेय.
त्यांना पटत नाही. मलाही पटलं नव्हतं,

त्या वर्षापर्यंत, जेव्हा मी नवी होते
आणि हाच तक्ता उलट्या बाजूनं वाचला.
गेलेल्या रस्त्यानं परत येताना
अंतर तेवढंच असतं, असं वाटलं होतं.
दोना आदोझिंदा. मिनिटाला सहा श्वास.
ओठ द्राक्षाच्या सालीसारखे.
त्या वाचल्या.
मी अजून वाचतेय, तोच तक्ता, दर वेळी पहिल्यापासून,
ओळीखाली बोट धरून.

शुद्धीत होते तेव्हा जर्मानुंनी मला
द्राक्षमळ्याच्या भिंती दाखवल्या होत्या.
काळा दगड, चुना नाही, माती नाही.
आणि जागोजागी फटी.
बुजवत का नाही, मी विचारलं होतं.
सगळं बुजवणारा गवंडी, ते म्हणाले,
पहिल्या वादळात भिंत उचलायला येतो.

पहिली मात्रा. मी खुर्ची ओढते.
अकरा. बारा. पुन्हा बारा.
फ्लोरिंदा माळ ओढताहेत, मी मिनिटं,
कोण कुणाला साथ देतंय कळत नाही.
पाचला त्यांचं कपाळ आक्रसतं,
मी तो एक देते.
सकाळी बेल्मीरु विचारतो, मी म्हणते, थोडं कमीच पडतंय.
कमी पडलं तर वाढवता येतं, तो म्हणतो,
आणि जांभई देतो.

तिसऱ्या दिवशी खांदा उडायचा थांबला.
दुखणं? दहात चार.
चार का, फ्लोरिंदा माझ्याकडे बघतात, शून्य का नाही.
उत्तर नाही माझ्याकडे, उद्याचा आकडा आहे, थोडा वाढवलेला,
तोही आधी बेल्मीरु तपासेल.

जर्मानु छताकडे बघतात.
बकरी कुणी सोडली, विचारतात,
जरा रागानंच.