ठळक

मंगळवारी दहा वाजता, स्विंडनच्या लायब्ररीत,
वरच्या मजल्यावर, जिथे हीटर नुसताच खडखडतो,
मी पाच माणसांना शिकवते
अक्षरं जाड कशी करायची, तिरपी कशी करायची.
पगार नाही. बिस्किटं आहेत.

मिरजेच्या छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली :
लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, एकदा एक फौजदारी निकाल.
तिथे ठळक अक्षर म्हणजे वेगळ्या खणातला वेगळा खिळा,
हाताला जड, नखात शिसं.
इथे नुसता बी दाबायचा.
पहिल्या दिवशी मलाच फसवल्यासारखं वाटलं.

"आधी शब्द निवडा, मग हुकूम द्या.
न निवडता दाबलंत तर पुढचं सगळं जाड होत जाईल,
कुठे थांबायचं ते त्याला कळणार नाही."
"आमच्या घरातल्यासारखंच," पिएदादे पुटपुटते,
कोंकणीत, म्हणजे फक्त मला कळेल असं.

तिरप्याशी पंचाईत होते.
लाऊसाहेब विचारतात, हे वापरायचं केव्हा?
मी म्हणते, शब्द पाहुणा असेल तेव्हा,
दुसऱ्या भाषेतून आलेला,
अजून दाराला टेकून उभा.
ते हाँगकाँगचे, वय बहात्तर.
थोडा विचार करून स्वतःचं नाव तिरपं करतात.
बघत राहतात.
मग पुन्हा सरळ करतात.
मी बिस्किटांचा डबा पुढे केला.

अधोरेखिताला मात्र मी जरा वाहवत गेले.
म्हटलं, आमच्याकडे रेघ डोक्यावर असते,
यांच्याकडे पायाखाली, आणि तीही मागितली तर.
आमच्यात मोठी अक्षरं नाहीत,
वाक्याच्या दारात कोणी पाटील उभा नसतो.
फळ्यावर 'मिरज' लिहून दाखवलं.
सेमहारचा मुलगा, शाळेला सुट्टी म्हणून आलेला,
नाक पुसत म्हणाला,
यांना सगळ्यांना मिळून एकच छप्पर आहे.
आणि खोकला.

सेमहारने कौन्सिलला पत्र लिहून आणलं होतं.
पहिल्यापासून शेवटपर्यंत ठळक.
चौदा ओळी, तव्याच्या बुडासारख्या काळ्या.
मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं :
सगळंच ठळक केलं, तर काहीच ठळक राहत नाही.
तिने पडदा माझ्याकडे वळवला.
"मग बारीक काय करू?
भिंतीवरची बुरशी?
ह्याचा खोकला?
की हे चौथं पत्र आहे, ते?"

सव्वीस वर्षांत कोणी मला
मुद्रित असं परत केलं नव्हतं.

खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.
एकेक ओळ ती मोठ्याने वाचायची,
श्वास घ्यायची, बारीक करायची.
भिंत बारीक झाली. खिडकी झाली.
तारखा झाल्या, नोव्हेंबरपासूनच्या.
शेवटी एकच वाक्य जाड उरलं :
तो रात्री बसून झोपतो.

पत्रात 'कृपया' चार वेळा होतं.
तिने त्यातल्या तिघांवर आडवी रेघ मारली,
ते बटण मी अजून शिकवलंही नव्हतं.
म्हटलं, पुसून टाक की, पुसायची कळ वेगळी आहे.
ती म्हणाली, नको.
होतं, हे त्यांना दिसू दे.

छापखान्यात चुकून खोडलेल्या शब्दाखाली
आम्ही टिंबं द्यायचो :
म्हणजे राहू द्या.
इथे ते चिन्ह कुठे असतं, मला माहीत नाही.

प्रिंटरला पानाला पंधरा पेन्स पडतात.
कागद ऊन-ऊन बाहेर आला.
सवयीने त्या एका वाक्यावरून अंगठा फिरवला,
उठाव नाही, शिसं नाही, गुळगुळीत.
तरी अंगठा बघितला.