मराठी आठ

खाजामियाँ मणियार, वय एकोणसाठ,
माझ्या सेवा केंद्राच्या बाकड्यावर बसलेत.
"लिही बाबा, काय लिहायचं ते."
ओळखीची खूण?
ते दोन्ही पंजे टेबलावर ठेवतात.
काचेनं ओढलेल्या इतक्या रेघा,
आणि स्क्रीनवर जागा एकाच खुणेची.
मी लिहितो : उजव्या अंगठ्यावर व्रण.

एकतीस वर्षं गाडी, तीही तीच.
मागं लाकडी पेटी, पेटीत पेंढा,
पेंढ्यात बांगड्या, सव्वादोन, दोन-सहा, अडीच.
कंधार, बहाद्दरपुरा, कुरुळा, बाजारच्या दिवशी जांब.
एकेक गतिरोधक त्यांच्या पाठीला पाठ.
फुटला माल व्यापारी परत घेत नाही,
म्हणून चाळीसच्या वर काटा कधी गेला नाही.
खरं तर काटा केव्हाच मोडलाय.

लायसन नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.
पोळ्याच्या आदल्या दिवशी लोह्याच्या नाक्यावर विचारलं,
पाच हजारांची पावती फाडली.
चाचा हिशेब डझनात करतात.
किती डझन झाले, ते मला सांगितलं नाही.

लर्निंगच्या परीक्षेला चित्रं येतात.
मी सराव घेतो : हे काय? डावीकडे वळण.
"कोणतं? दर्ग्याच्या पुढलं, का मन्याडच्या पुलाअलीकडचं?"
कोणतंही, चाचा. नुसतं वळण.
"नुसतं वळण कुठं असतंय?"
अरुंद पूल. शाळा. घसरडा रस्ता.
प्रत्येक चित्राखाली त्यांना एक गाव दिसतं,
कुणाचा तरी जावई पडलेला दिसतो,
त्याच्या बायकोच्या हाताचं माप आठवतं,
आणि ते गप्प होतात.
तरी पंधरातले अकरा बरोबर आले.

मग कॅम्प. विश्रामगृहामागचं मैदान.
चुन्यानं आखलेला आठ सकाळच्या पोरांच्या टायरांनी पुसलेला.
मॅडम म्हणाल्या, पेटी उतरवा काका, आठ काढा.
पेटी उतरली तशी गाडी बुजली.
रिकाम्या गाडीची त्यांना सवयच नाही,
हँडल वाऱ्यातल्या पिसागत हलायलं.
तरी त्यांनी आठ काढला,
दुसरीत मास्तरांनी पाटीवर गिरवून घेतलेला :
वरून खाली, डावीकडं पोट,
मग उजवीकडं लांब शेपूट,
आणि शेपटावरून सरळ
फाटकाच्या बाहेर, मुखेड रोडला.
मॅडम पेन उघडं धरून बघत राहिल्या.

नापास.
संध्याकाळी मी फरशीवर खडूनं दाखवलं,
चाचा, त्यांना इंग्रजी आठ पाहिजे.
ते बोट ठेवून फिरले, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा मध्येच थांबले.
"ह्याच्यातून बाहेर कुठून पडायचं?"
पडायचं नाही. फिरायचं, पाय न टेकता,
मॅडम बस म्हणेपर्यंत.
"मंग जायचं कुठं?"

मला हसू आलं. मग म्हणलं,
बांगड्यांला पेंढा अन् डोक्याला नुसता रुमाल, कामून?
"डोकं घरचंय. माल उधारीचा."
रहीमाबी आधारच्या कामासाठी दारात उभ्या होत्या.
"घरचंय ना?
मंग घरच्यांला विचारलं का कधी?"
चाचांनी खडू खाली ठेवला.

महिनाभर, बाजार उठल्यावर,
सडक्या टोमॅटोंच्या मधून
ते रिकामी गाडी चालवायला शिकले.
कार्ड माझ्याच पत्त्यावर आलं.
फोटोत डोळे बारीक केलेले,
उजेडाला धरून बांगडीची चीर बघावी तसे.

काल पुलाअलीकडं दिसले.
एका गाडीवर तिघं, सुसाट, चाचांना घासून गेले.
चाचांनी गाडी कडेला घेतली, पाय टेकवला.
हेल्मेट काढलं. पेटी हळूच हलवून
तिला कान लावला.
बराच वेळ.
मग हेल्मेट घातलं,
हनुवटीखाली पट्टा खट् करून लावला,
मागं वळून पाहिलं.
रस्ता मोकळा होता.
तरी हात दाखवला त्यांनी.