प्रॉपर्टी

आमच्या नाटकात प्रॉपर्टी मी सांभाळतो:
एक किटली, कान तुटलेले दोन कप,
नर्सची पांढरी टोपी
आणि पैशांचा डबा.

त्या साली बुलावायोत
खोट्या नोटा छापणं परवडत नव्हतं.
कोरा कागद महाग, नोटा स्वस्त.
मान्कुबे म्हणाली, "माझ्याकडे आहेत की,"
आणि दुसऱ्या दिवशी तालमीला बिस्किटांचा डबा घेऊन आली.
आत नवऱ्याची पेन्शन.
एकतीस वर्षं गार्ड होता, फॉल्सच्या लाईनवर,
शिट्टी, कंदील, हिरवं निशाण.
शून्यं मोजताना मी दोनदा चुकलो.
"बँकेच्या दारात अर्धा पाव आला असता,
घरी पोचेस्तोवर तोही नाही," म्हणाली.
आणि हसली. मी हसलो नाही.

नाटक साधंच आहे.
बाप गेलेला. त्याचा फंड येतो.
मुलाला कोंबी घ्यायची, दोन वर्षांत दोनाच्या चार करायच्या.
मुलीला नर्स व्हायचंय.
आईला काय हवं, ते लिहिलेलं नाही.
(लिहिणारा पोरगा बावीस वर्षांचा होता.)
दुसऱ्या अंकात मुलगा रात्री डबा उचलतो.

मान्कुबेचा खरा मुलगा झेन्झो, जोहान्सबर्गला.
महिन्याला मलायिच्याच्या टेम्पोतून तेल, साबण, मक्याचं पीठ पाठवतो,
सोबत चिठ्ठी, प्रत्येक वस्तूपुढे रँडमध्ये किंमत.
तिने सगळ्या जपून ठेवल्यात. पत्रं म्हणून.
गेल्या चिठ्ठीत खाली बेरीज होती,
आणि बेरजेखाली:
घर माझ्या नावावर कर, मग नोबुखोसीच्या फीचं बघू.
बहीण-भाऊ तेव्हापासून बोलत नाहीत.

पहिल्या प्रयोगाला हॉल भरलेला.
तिने डबा उघडला, गड्डी वर काढली,
आणि लोक खो खो हसले.
ओळखल्या त्यांनी नोटा.
तसलेच डबे प्रत्येकाच्या खाटेखाली.
ती थांबली.
हसू खाली बसेपर्यंत, नंतरही थोडी.
मग मोजायला लागली. सगळ्या. एक एक.
संहितेत तीन नोटा मोजून झाकण लावायचं होतं.

मोजून झाल्यावर डबाच मथुलिसीपुढे धरला.
"घे. आणि रात्री जेवायला ये."

असं वाक्य नव्हतं.
पुढच्या अंकात जे चोरायचं
ते पहिल्याच अंकात हातात आलं,
आणि त्याचे हात काही वर येईनात.
विंगेतून दिग्दर्शक पुस्तक नाचवत होता.
शेवटी पाठ होतं ते पोरगं पुटपुटलं,
"तुझा माझ्यावर विश्वासच नाही."
"नाही," मान्कुबे म्हणाली. "तरी घे."

नंतर नाटक कसंबसं रुळावर आलं.
दुसऱ्या अंकात त्याने चोरी केलीच, काय करणार,
पण लोकांनी त्याला शिव्या घातल्या नाहीत,
कोणीतरी मागच्या रांगेत नाक शिंकरलं.

पडदा पडल्यावर मी नोटा मोजल्या, रोजच्यासारख्या.
एक कमी.
काडेपेटीतली काडी आली नसती तिच्यात,
तरी टेबलाखाली, गालिचाखाली, किटलीत,
वॉचमन किल्ल्या वाजवेपर्यंत शोधली.
मान्कुबेला विचारलं नाही.
ती टोपी काढून केस सारखे करत होती,
मुठीत काही असेल, नसेल.

वहीत लिहिलं:
कप दोन, किटली एक, टोपी एक.
येणे बाकी: एक नोट.